रांजणाखालचं शहाजिरं

थंडी पडली की आमच्या वस्तीवर दोन वास येतात. एक तोडलेल्या उसाच्या पाचटाचा आणि दुसरा शहाजिऱ्याच्या पाल्याचा. पहिला सगळ्या वडगाव निंबाळकरात येतो, दुसरा फक्त आमच्या परसात. सकाळी चुलीवर पाणी ठेवलं की मी रांजणापाशी जाते, कोवळं पान तोडते आणि दोन बोटांत चुरगाळून नाकाशी धरते. गाजराच्या पाल्यासारखं दिसतं, पण वास निराळा. उग्र, गोडसर, मसाल्याचा डबा नुकताच उघडल्यासारखा. आणि एवढ्या वर्षांनंतरही त्या वासाबरोबर माझ्या पोटात जरा जळतं. पित्त नव्हे. शोभा.

शोभा माझी धाकटी जाऊ. इंदापूर तालुक्यातल्या कळंबची. आमची घरं वेगळी झाली तेव्हा जमीन वाटली, गोठा वाटला, भांडी वाटली, पण परस तेवढं एकच राहिलं. मधून पाण्याचा पाट जातो. पाटाच्या अलीकडं माझी वांगी-मिरची, पलीकडं तिची. पाट एवढासा, की लहान पोरसुद्धा उडी मारून जाईल. माझी पोरगी तेच करायची.

ऋतुजा. आमच्या दोन्ही घरांत मिळून ही एकच मुलगी. शोभाला दोन मुलगे, मला एक मुलगा आणि ही. शाळेतून आली की दप्तर माझ्या ओट्यावर आणि ती पाटाच्या पलीकडं. काकी काय करती, काकीनं काय लावलं, काकीच्या हातचं थालीपीठ. आई म्हणजे दप्तर टाकायची जागा. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही असं नाही. नवऱ्याला रोज बोलून दाखवायची. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आगं, चुलतीच हाय ती. सवत न्हाय."

सवत असती तर बरं झालं असतं. सवतीवर जळायला गावाची परवानगी असते. जावेवर जळायचं म्हणजे तोंडावर हसून जळावं लागतं. एकादशीला तिला साबुदाण्याची खिचडी द्यायची, तिनं परत केलेल्या वाटीत तिच्या झाडाची लिंबं यायची, आणि ती लिंबं माझ्या झाडाच्या लिंबांपेक्षा मोठी असायची. आमच्याकडं वाटी रिकामी परत करत नाहीत. त्यामुळं माझ्या घरात शोभाच्या परसातलं काही ना काही सतत येत राहायचं, आणि ते नेहमी माझ्यापेक्षा चांगलं असायचं. एका पाटाचं पाणी, एका बांधाची माती. मग तिची कोथिंबीर गुडघ्याला आणि माझी घोट्याला का? शेजारच्या आत्याबाई सरळ तोंडावर म्हणायच्या, "शोभाच्या हाताला गुण हाय बया." मी म्हणायची, "व्हय की." आणि घरात येऊन भांडी जरा जोरात घासायची.

ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय, तो ऋतुजाच्या कॉलेजचा शेवटचा हिवाळा. ती शेतीचं शिकत होती. कॉलेजची सहल उत्तरेकडं कुठं थंड डोंगरात गेली होती. परत आली ती सर्दी घेऊन. पिशवीतून एक शाल काढली, सफरचंदं काढली आणि एक कागदाची पुडी काढली. मी ओट्यावर उभी. मला वाटलं, पुडी माझी. शाल माझ्या हातात दिली, सफरचंदं बापाच्या हातात दिली, आणि पुडी मुठीत धरून पाटावरून उडी.

"काकी, बघ काय आणलंय! शहाजिऱ्याचं बी! खरंखुरं, तिथल्या शेतातलं!"

शाल चांगली होती हो. अजून वापरते. पण त्या दिवशी ती मला टोचली. शाल काय, कुणालाही देतात, गावच्या सत्कारातसुद्धा देतात. बी ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्या हातात देतात. बी देणं म्हणजे, हे तू जगवशील, असं म्हणणं. आणि माझ्या पोटच्या पोरीला ते मला म्हणावंसं वाटलं नव्हतं. तिथंच उभी राहून मी शालीची घडी मोडली आणि परत घातली.

शहाजिरं आम्हाला नवं नव्हतं. दर चैत्रात काळा मसाला होतो, त्यात खोबरं, तीळ, धने, दगडफूल आणि शेवटी मूठभर शहाजिरं तेलावर परतून. मसाला डंकावरून कुटून आला की अख्खी वस्ती शिंकते. पण ते शहाजिरं किराणा दुकानातल्या पुडीतलं. ते झाडाला कसं लागतं, पान कसं, फूल कसं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेलं नव्हतं. ऋतुजा ओसरीवर बसून सगळ्यांना सांगत होती, ह्याला थंडी लागती, आपल्याकडं येईल का न्हाय सांगता येत न्हाय, पहिल्या वर्षी नुसता पाला, दुसऱ्या हिवाळ्यात फूल आणि मग बी. मधला उन्हाळा काढला पाहिजे, तीच खरी परीक्षा. शोभा तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी पोळ्या लाटत ऐकत होते, एक शब्द सुटला नाही असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शोभा पाटाच्या काठावर आली. हातात वाटी. वाटीत अर्धं बी.

"अक्का, तुमी बी लावा. दोन ठिकाणी असलं म्हंजे एक तरी जगंल."

आता मला सांगा, ह्याचा राग येणार नाही का? माझ्या पोरीनं आणलेलं बी मला हिच्याकडून मिळतंय. घेतलं. न घेऊन सांगता कुणाला. वाटी परत करताना त्यात भाजलेले शेंगदाणे भरले, शिगोशीग, आणि मनात ठरवलं, ह्या खेपेला बघच. वाफा असा केला की बघत राहावं. माती चाळली, जुनं शेणखत घातलं, ओळी सुतळी लावून पाडल्या. पलीकडं शोभानं काय केलं? एका पसरट घमेल्यात आणि दोन हात जागेत बी भुरभुरलं, वर चिमूटभर माती, झालं. मला हसू आलं.

बरेच दिवस दोन्हीकडं काही नाही. मग एका सकाळी पलीकडून ऋतुजाची किंकाळी. मला वाटलं साप. शोभाच्या वाफ्यात दोऱ्यासारखी हिरवी पानं आली होती. दोन दिवसांनी माझ्याकडंही आली. आली म्हणजे दाट आली, तिच्यापेक्षा दाट! मी त्या दिवशी गोड शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय हाय? मी म्हटलं, काय असायला पायजे का?

आणि मग कॅनॉलची पाळी आली.

कॅनॉलच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला एक खोड असते. पाळी आली की तो वेडा होतो. पुन्हा कधी येईल भरवसा नाही, म्हणून उसाला द्या, घासाला द्या, नारळाला द्या, उरलं तर दगडालासुद्धा पाणी दाखवा. माझी सासू तर पाळीच्या दिवशी तुळशीवृंदावन भरून वाहायला लावायची. पाणी देणं म्हणजे माया करणं, हे आमच्या रक्तात आहे. मी पाट फोडला आणि माझ्या लाडक्या वाफ्याला पोटभर पाजलं. पाणी तुंबलं, तरी मला बरंच वाटलं. शोभा मात्र आपल्या वाफ्याच्या तोंडाला मातीचा बांध घालून बसली होती, आणि फुटक्या तांब्यानं शिंपडत होती. मी मनात म्हटलं, कंजूष.

आठवडाभरात माझी रोपं पिवळी पडली. मग काळी. हाताला लागली की मुळातून सुटून यायची, बुळबुळीत. ऋतुजा वाफ्याशी उकिडवी बसली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आई, हा काय ऊस हाय का गं? डोंगरातलं रोप ते, चिखलात बुडवलंस व्हय!"

"मला काय म्हाईत? सांगायचं व्हतं."

"सांगितलं व्हतं की! तू पोळ्या लाटत व्हतीस. ऐकतीस कधी तू माझं?"

आणि मग आमचं जे भांडण जुंपलं ते शहाजिऱ्यावरून निघून तिच्या केसांना तेल न लावण्यावर, तिच्या मोबाईलवर, माझ्या जुन्या मिक्सरवर, कुठल्या कुठं गेलं. आमची भांडणं तशीच असायची. सकाळी ब्लाऊजच्या हुकावरून सुरू होऊन रात्री आमटीच्या मिठावर संपायची. काकीशी मात्र कधी आवाज चढायचा नाही. पाट ओलांडला की पोरीच्या जिभेवर साखर. शोभानं वाळकी भाकरी दिली तरी "किती छान गं काकी". मी गरम दिली तर "जाड झालीय". हे सगळं मी मनात धरून ठेवायची. पुरावा म्हणून.

त्या हिवाळ्यात शोभानं त्या पाल्याचं पिठलं केलं. नुसती चार पानं चिरून टाकली वरून. ऋतुजानं ताट चाटून पुसून खाल्लं आणि वाटीत माझ्यासाठी घेऊन आली. "खाऊन तर बघ." खाल्लं. चांगलं होतं. चांगलं होतं हेच तर दुखणं. वाईट असतं तर मी सुखानं झोपले असते. मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय." ऋतुजा हसली आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." आईला म्हणाली ती हे. मी वाटी धुतली, त्यात गूळ घातला आणि परत पाठवली.

फाल्गुनात तिचं लग्न झालं. इंदापूरचा मुलगा, चांगला, शांत. हायवेपासून आत घर. पाठवणीच्या वेळी मी पदर तोंडाला लावून तयार उभी होते. लेक गळ्यात पडेल, मी रडेन, सगळ्या बायका रडतील. लेक गेली ती सरळ शोभाकडं. तिच्या गळ्यात पडून अशी हुंदके देऊन रडली की वाजंत्रीवालासुद्धा थांबला. मग डोळे पुसत माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आई, चार्जर टाकलास का बॅगेत? का विसरलीस?"

चार्जर! मी म्हटलं, "टाकलाय." ती म्हणाली, "कुठल्या कप्प्यात?" मी सांगितलं. ती गाडीत बसली. गाडी गेली. बायका माझ्याकडं बघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांत जे पाणी होतं ते कसलं होतं हे माझं मलाच ठाऊक. पुढं कित्येक दिवस मी कणीक मळताना तेच मनात घोळवत होते. काकीला हुंदका आणि आईला चार्जर.

ऊन चढलं. शोभाच्या वाफ्यातली रोपं एकेक करून माना टाकायला लागली. आमच्या बारामतीकडचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, डोंगरातल्या पाल्याला काय सोडणार. मला वाईट वाटलं पाहिजे होतं. खरं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, आता कुठं गेला हाताचा गुण? पण तिनं एक रोप आधीच तेलाच्या जुन्या डब्यात लावून ठेवलं होतं. वैशाखाच्या तोंडाशी कळंबहून फोन आला, तिची आई न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं. शोभाला जाणं भाग होतं, आणि बरेच दिवसांसाठी. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात तो डबा घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"अक्का, सगळी गेली. एवढं एकच ऱ्हायलंय. रुतूनं आणलेलं हाय. बघाल न्हवं?"

"बघीन की. ठेव तितं."

तिनं ठेवलं आणि गेली. डब्यात कशीबशी उभी पाच-सात पानं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोन्ही घरांत कुणीच नव्हतं बघायला. नवरा आणि दीर कारखान्याच्या बाजूला गेलेले, तिन्ही मुलगे पुण्यात. चार दिवस दुर्लक्ष केलं असतं तर ऊन म्हणालं असतं, मी केलं.

पण मग डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. हे मेलं तर ऋतुजा काय म्हणेल? म्हणेल, काकी असती तर जगलं असतं. शोभा काही म्हणणार नाही, नुसतं "असू द्या अक्का" म्हणेल, आणि ते तर त्याहून वाईट. आत्याबाई म्हणतील, हाताला गुण लागतो बया. म्हणजे हे रोप मेलं की शोभा जन्मभरासाठी जिंकली. छे! माझ्या दारात तर हे मरू द्यायचं नाही. डबा उचलला आणि सगळ्या घराभोवती फिरले. कुठं सावली जास्त वेळ राहते, कुठं भिंत तापत नाही. शेवटी उत्तरेच्या अंगाला, निंबाखाली, रांजणाच्या बुडाशी आणून टेकवला. रांजण दिवसभर पाझरतो. तिथली जमीन भर वैशाखातसुद्धा पायाला गार लागते. डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. आणि पाणी? रांजणाच्या बुडातून जो थेंब निथळतो, तेवढंच. एकदा बुडवून शहाणी झाले होते.

तो उन्हाळा मला सगळ्या उन्हाळ्यांपेक्षा जास्त आठवतो. दुपारी अख्खी वस्ती दारं लावून झोपायची, आणि मी रांजणापाशी बसून त्या डब्याशी बोलायची. बोलायची म्हणजे शिव्या द्यायची. "ए मेल्या, मान वर कर. तुझ्या मालकिणीला काय तोंड दाखवू?" गोणपाट वाळलं की ओलं करायचं. पान पिवळं दिसलं की उरलेली पानं मोजायची. पुण्याहून लग्नाचं बोलावणं आलं, गेले नाही. नवऱ्याला वाटलं गुडघा दुखतोय. मायेनं पाणी घालणारा एखादा दिवस विसरतो, पण जळणारा विसरत नाही. मी एक दिवस विसरले नाही. आणि इंदापूरहून पोरीचा फोन यायचा, पहिला प्रश्न ठरलेला.

"आई, काकीचं शहाजिरं जगलंय का?"

"आधी आई जगलीय का इचार."

"तू कशाला मरतीस! सांग की, जगलंय का?"

"जगलंय."

"पाणी जास्त नको घालूस हां. तुझा काय भरवसा न्हाय."

फोन ठेवून मी रांजणावर टिचकी मारायची. आत पाणी डुचमळायचं. काकीचं शहाजिरं. सांभाळतंय कोण, नाव कुणाचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय उगीच. तरी उठायची, गोणपाटाला हात लावून बघायची, ओलं आहे ना.

शोभा परत आली तेव्हा मृग सुरू झाला होता. हातपाय धुवायच्याही आधी रांजणापाशी आली आणि डब्यासमोर फतकल मारून बसली. रोप वितीएवढं पसरलं होतं. तिनं पानाला हात लावला नाही, नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, आता हे हलवू नका. हितं मूळ धरलंय त्येनं. तुमच्याच दारात ऱ्हाऊ द्या. आता हे तुमचं."

म्हणजे बघा. मी उन्हाळाभर जीव जाळला, आणि हिनं एका वाक्यात दान करून टाकलं. दिलदारपणातसुद्धा ही माझ्या वरचढ! मला एवढी चीड आली की मी तिला चहा दिला त्यात साखर विसरले. तिनं तसाच प्यायला. छान झालाय म्हणाली.

दुसऱ्या हिवाळ्यात ते फुललं. बारीक पांढरी फुलं, छत्र्या उघडल्यासारखी, पण इवल्या. संक्रांतीला ऋतुजा माहेरी आली. मी तिळगुळाचं ताट घेऊन दारात, ती चप्पल न काढता रांजणाकडं धावली आणि तिथूनच ओरडली, "काकी! तुझं शहाजिरं फुललं गं!"

शोभा पाटापलीकडून म्हणाली, "माझं कशाचं? अक्कानी जगवलंय ते. उन्हाळाभर."

"आईनं?"

असं विचारलं तिनं, जणू कुणी सांगितलं म्हशीनं दळण दळलं. मग माझ्याकडं बघितलं, मग रोपाकडं, मग परत माझ्याकडं. तिळगूळ उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "आई, गूळ कडक झालाय." मी म्हटलं, "तुझ्या सासूकडं मऊ असतो का?" "असतो." "मग तिकडंच खा." आणि झालं, जुंपली. शोभा पाटाच्या काठावर उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, हसतीय.

बी मूठभरच निघालं. वाकडं, तपकिरी, अंगावर रेघा. बी देऊन झाड वाळून गेलं. त्यातलं निम्मं पेरायला ठेवलं, निम्मं चैत्रात मसाल्यात गेलं. मसाला दोन्ही घरांचा एकाच कढईत भाजतो आम्ही, ती रीत अजून मोडलेली नाही. डबा भरून इंदापूरला गेला. पोरीचा फोन आला, "आई, मसाला लय भारी झालाय. आमच्या सासूबाई पण म्हणाल्या. काकीला सांग." सांगितलं मी. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुधाची गाडी अंगणात धडधडत उभी असताना, तिला नीट ऐकू जाऊ नये असं.

तेव्हापासून रांजणाखाली दर वर्षी थोडं शहाजिरं असतं. काही उगवतं, काही मरतं. उन्हाळ्यातून एखादं-दुसरंच पार पडतं. ह्या हिवाळ्यातही आहे.

ह्या हिवाळ्यात आणखीही कुणी आहे. ऋतुजा बाळंतपणाला आलीय. मुलगी झाली. घरभर धुरी, शेक, दुपटी, तेलाच्या वाट्या. बाळंतिणीला मी आमच्याच शहाजिऱ्याचं पाणी उकळून देते, भाजून चिमूटभर चावायलाही देते. परवा दुपारी पोर रडायला लागली ती थांबेना. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद. मी म्हटलं थांब, पोट शेकायला तव्यावर कापड गरम करते. कापड गरम करून, हाताला चटका लावून घेऊन मी बाहेर येते तो काय, पोर शांत. शोभाच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. शोभा ओसरीवर येरझाऱ्या घालत होती आणि ऋतुजा म्हणत होती, "काकी, तुझ्याकडं काय जादू हाय गं?"

मी कापड हातातच घेऊन उभी. म्हटलं, झालं. आता नातसुद्धा. ही आमच्या घरात एक पिढी खाऊन आता दुसरीला लागली. मी कापड दोरीवर टाकलं आणि रांजणापाशी जाऊन बसले. बसले म्हणजे रुसलेच. ह्या वयात.

थोड्या वेळानं शोभा आली. बाळ ऋतुजाच्या कुशीत देऊन आली होती. माझ्याशेजारी दगडावर बसली, शहाजिऱ्याचं एक पान तोडलं, हुंगलं. मग म्हणाली, "अक्का, एक बोलू? रागवायचं न्हाय."

"बोल."

"मला तुमचा लय राग येतो."

मी चमकून बघितलं. शोभा आणि राग? हिला राग येतो हेच मला नवीन.

"लहानपणापास्नं बघती मी. रुतू माझ्याकडं येती, गोड बोलती, गोड खाती, जाती. पाव्हणी आल्यावाणी. कधी भांडली न्हाय माझ्याशी. एकदासुदिक न्हाय. मी मुद्दाम भाकरी करपवून दिली एकदा, तरी छान म्हणली. तुमच्याशी कशी भांडती! तोंडाला यील ते बोलती. लगनात माझ्या गळ्यात पडून रडली, सगळ्यांनी बघितलं. पण चार्जर कुणाला इचारला? जे घर आपलं, त्याच घरात माणूस आदळआपट करतंय अक्का. माझ्या घरात तिनं कधी दार आपटलं न्हाय. लय जळायची मी. हितं पाटाच्या काठावर उभं राहून तुमची भांडणं ऐकायची."

रांजणातून एक थेंब सुटला. इतकी वर्षं मी हुंदका मोजत होते, आणि ही चार्जर मोजत होती. मी पाटाच्या अलीकडून जळत होते, ही पलीकडून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची कीव यायला हवी होती, आणि आलीही, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्यात जे आलं त्याला काय म्हणावं? मी नुसती पदरानं तिच्या गुडघ्यावरची माती झटकली. म्हटलं, "येडी का खुळी तू."

तेवढ्यात घरातून आवाज आला. बाळ झोपलंय हे विसरून, घसा खरवडून, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा.

"आई! दुपटी कुठं ठेवलीस गं? एक वस्तू जागेवर नसती तुझ्या घरात! किती वेळा सांगायचं? आई!"

शोभानं मान खाली घातली. मी मात्र उठायची घाई केली नाही. पोरीला आणखी एकदा हाक मारू दिली. मग सावकाश उठले, लुगड्याची माती झटकली आणि शोभाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आले गं बाई, आले! ओरडतीस काय अशी आईवर?"